देवस्थळीकाकांचे बुडबुडे

डॉक्टर अनंत देवस्थळी यांच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या गणपतीतल्या रविवारी, दुपारी पावणेदोन वाजता, लीड्समधल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, मठ्ठ्याच्या पातेल्यापासून हातभर अंतरावर. वेळ मुद्दाम लिहिते आहे. कमिटीने नंतर सभेचे जे मिनिट्स पाठवले त्यात 'महाप्रसादाच्या दरम्यान' एवढंच मोघम लिहिलं होतं, आणि मोघम लिहिणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, हे मी भाडेकरूंच्या संघटनेत घरमालकांची पत्रं वाचून वाचून शिकले आहे.

ज्यांच्यावर अन्याय व्हायचा होता ते त्याच्या अर्धा तास आधी हॉलच्या स्वयंपाकघरात होते. सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध, फरशीवर मांडी, आणि एका मोठ्या काचेच्या बुधल्याला लावलेला कान. एक डोळा मिटलेला, दुसरा मनगटावरच्या घड्याळावर. मी जेवायला बोलवायला गेले तर त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. बाहेर ताटं वाढली जात होती, आत आमटी उतू जायच्या बेतात होती, आणि सत्तरी ओलांडलेला एक माणूस बुडबुडे मोजत होता.

"जरा मंदावलाय," शेवटी ते म्हणाले. "पण श्वास चालू आहे."

बुधल्यात रुबार्बच्या आंबट देठांची वाइन होती. असा बुधला भरला की त्याच्या तोंडाशी बूच लावतात आणि बुचात एक वळणदार नळी. नळीत थोडं पाणी असतं. आतलं यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, तो वायू त्या पाण्यातून बुडुक करून बाहेर पडतो, आणि बाहेरची हवा मात्र आत जाऊ शकत नाही. तुमच्या-माझ्यासाठी तो बुडबुडा असतो. देवस्थळीकाकांसाठी तो श्वास असतो, कारण काका जन्मभर इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत होते. शस्त्रक्रिया करणारा सर्जन पोटात बघतो. भूल देणारा पेशंटच्या डोक्याशी बसून श्वास ऐकतो. रिटायर झाल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा काका बियर करायला लागले.

मंडळाने त्यांना हॉलचा गुरुवार संध्याकाळचा स्लॉट दिला होता. 'घरच्या घरी बियर आणि वाइन : पहिली पायरी' असं नाव. फी नाही, परीक्षा नाही. येणारे बहुतेक पुण्या-नागपुराहून व्हिसावर आलेले सॉफ्टवेअरवाले आणि बँकवाले, जे सोमवार ते बुधवार मीटिंगमध्ये असायचे आणि गुरुवारी काहीतरी प्यायला मिळेल या आशेने यायचे. मीही त्याच आशेने गेले होते.

पहिल्या गुरुवारी काकांनी पांढऱ्या बोर्डावर एकच शब्द लिहिला : धुणे. आम्ही दोन तास बाटल्या, बादल्या, नळ्या, चमचे आणि झाकणं धुतली. दुसऱ्या गुरुवारी आम्ही उत्साहाने आलो, तर बोर्डावर लिहिलं होतं : पुन्हा धुणे. नागपूरच्या एका बँकवाल्याने विचारलं की काका, आपण साबणाने धुतलंय, आता हे निर्जंतुकीकरणाचं पाणी कशाला, स्वच्छ आणि निर्जंतुक यात असा काय मोठा फरक आहे.

"एक पेशंट," काका म्हणाले आणि पुढच्या बादलीकडे वळले.

त्यानंतर कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी खरी बियर सुरू झाली. तीही डब्यात मिळणाऱ्या, मोड आलेल्या जवाच्या तयार अर्काची. काहींना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी यूट्यूबवर धान्य भिजवून दळण्यापासूनचे व्हिडिओ पाहिले होते. काकांनी त्यांना सांगितलं की आधी कणीक मळायला शिका, गिरणी मग टाकू. अर्क कोमट पाण्यात ढवळायचा, साखर घालायची, गार पाण्याने बादली भरायची, कोपर बुडवून बघायचं आणि बाळाच्या अंघोळीपेक्षा गार लागलं की वरून यीस्ट भुरभुरवायचं. झाकण, नळी, आणि झालं.

"आता?" सगळ्यांनी विचारलं.

"आता काही नाही. हात लावायचा नाही."

हीच सगळ्यात अवघड पायरी निघाली. 'काही करू नका' ही सूचना पुण्याच्या प्रोजेक्ट मॅनेजरला पाळता येत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. एकाने रोज झाकण उघडून फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. एकाने बादलीला सेन्सर बसवला. काकांनी तो सेन्सर काढून त्याच्या हातात दिला आणि शांतपणे सांगितलं की पेशंटला दर पाच मिनिटांनी हलवून 'बरं वाटतंय का' विचारलं तर तो बरा असला तरी मरेल. आणि प्यायचं कधी, असं विचारणाऱ्याला त्यांचं ठरलेलं उत्तर असे : "झोपवणं सोपं आहे. शुद्धीवर कधी येईल ते त्याला ठरवू दे."

घरी मीनाकाकूंचं म्हणणं वेगळं. प्रत्येक इंग्रजी घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, टॉवेल आणि चादरी उबदार राहाव्यात म्हणून. ते कपाट यीस्टला फार मानवतं. त्यामुळे देवस्थळ्यांच्या घरी त्या कपाटात बादली असते आणि टॉवेल असतात जिन्याच्या कठड्यावर. काकू मला म्हणाल्या, "लोकांच्या टॉवेलला साबणाचा वास येतो गं. आमच्याकडे पाहुणा अंघोळ करून आला की पबमधून आल्यासारखा वाटतो." लग्नातलं मोठं पातेलं बियरसाठी गेलं तेव्हा काकूंनी एक दिवस अबोला धरला. काकांना तो दुसऱ्या दिवशी कळला.

वाइनच्या बाबतीत काकांचं धोरण असं की ज्यात गोडवा आहे त्याची वाइन होते, आणि ज्यात नाही त्यात साखर घालता येते. कालव्याच्या काठची ब्लॅकबेरी, एल्डरच्या झाडाची फुलं, गाजर, डब्यातला आंब्याचा रस, सगळं त्यांनी करून पाहिलं. कारल्याची वाइन एकदाच केली आणि लंडनजवळच्या पिनरहून आलेल्या मेव्हण्याला औषध म्हणून पाजली. मेव्हणे तेव्हापासून फोनवरच भेटतात. फणसाची केली तेव्हा वास भिंतीपलीकडे गेला आणि शेजारच्या बाईंनी गॅसगळतीची तक्रार केली. गॅसवाला येऊन मीटर, बॉयलर, शेगडी तपासून गेला. जाताना काकांनी त्याला बुधल्याचा वास घ्यायला दिला आणि विचारलं कसं वाटतं. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की तो विषय संपलेला असतो. काकांनी ती पावती समजून पुढच्या वर्षी दुप्पट केली.

आता मठ्ठ्याकडे येते.

आमच्या मंडळात महाप्रसादाला विकतचं दही चालत नाही. दही हॉलमध्येच, मंडळाच्या पातेल्यात लागलं पाहिजे, असा दंडक आहे. यंदा ती जबाबदारी सचिवबाईंनी घेतली होती. शुक्रवारी त्यांनी दूध तापवलं, निववलं आणि फ्रिज उघडला. फ्रिजमध्ये त्यांनी घरून आणलेलं विरजण होतं. त्याच्या शेजारी तशाच जॅमच्या बरणीत आणखी काहीतरी पांढरट, दाट, विरजणासारखं दिसणारं होतं. विरजण शेजारणीकडून मागून आणायची आपल्याला सवय. कोणीतरी ज्यादा आणून ठेवलं असेल म्हणून बाईंनी दोन्ही बरण्या दुधात ओतल्या. वास घेतला नाही.

दुसरी बरणी काकांची होती. बियर बाटल्यांत भरून झाली की बादलीच्या तळाशी यीस्टचा गाळ उरतो. तो टाकायचा नसतो. गार ठेवला तर पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. काकांनी तो गुरुवारी तिथे ठेवला होता, ठेवायची परवानगीही होती.

दही उत्तम लागलं. शनिवारी ते घुसळून त्यात साखर, आलं, मीठ, कोथिंबीर घातली. पातेलं फ्रिजमध्ये मावेना, म्हणून ते स्वयंपाकघरातच राहिलं, आणि हॉलचं हीटिंग बिघडून सतत चालू होतं. साखर मिळाली, ऊब मिळाली. रविवारी सकाळी पातेल्यावरचं झाकण जरासं उचललं गेलेलं होतं.

तो मठ्ठा मी प्यायले आहे. जिभेवर बारीक फुलत होता. आमच्या मंडळाचा एरवीचा मठ्ठा हा ताकाची आठवण काढणारं पाणी असतो. त्या दिवशी लोक वाट्या घेऊन परत परत रांगेत आले. पिनरहून आलेले एक आजोबा खुर्चीवरून उठून स्वतः वाढून घ्यायला गेले, आणि त्यांची सून म्हणाली की बाबा आज पहिल्यांदा काठीशिवाय चालले. मग कोणीतरी म्हणालं की हा फसफसतोय. मग कोणीतरी वास घेतला. मग काकांना बोलावलं.

पावणेदोन वाजले होते. काकांनी पळीभर मठ्ठा नाकाशी धरला, कानाशी धरला, चाखला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की नातवाने पहिलं पाऊल टाकलं असावं.

"अरे, हे माझं यीस्ट," ते सगळ्या रांगेदेखत म्हणाले. "किती सुंदर उचललंय. साखर कोणी घातली?"

एवढंच. एवढ्या एका वाक्यावर माणूस दोषी ठरला. कमिटीची तातडीची सभा कोट टांगायच्या रॅकमागे उभ्या उभ्या झाली आणि आम्ही जिलबी संपवायच्या आत निर्णय लागला : प्रसादाचं पावित्र्य भंगलं, सबब गुरुवारचा वर्ग ताबडतोब बंद, हॉलच्या स्टोअरमधले सगळे बुधले शनिवारपर्यंत हलवावेत. बरणी कोणी ओतली, याबद्दल ठरावात अक्षर नाही. जिने वास न घेता ओतली ती सचिव राहिली. ज्याने वास घेऊन खरं सांगितलं त्याला काढलं.

आणि पावित्र्य म्हणाल, तर याच कमिटीच्या कोजागरीला मसाला दूध आत असतं, आणि कार पार्कमध्ये गाड्यांच्या डिकीमधून काय वाटलं जातं ते मी पाहिलेलं आहे. तिथे बाटल्या नेणाऱ्यांत दोन कमिटी सभासद होते. शिवाय या देशात स्वतःपुरती बियर किंवा वाइन घरी करायला परवाना लागत नाही. विकायची नाही, एवढाच नियम. काका तो इतका काटेकोर पाळतात की कोणी चॉकलेटचा डबा आणला तरी संशयाने बघतात.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा : 'मठ्ठा कोणी बिघडवला?' खाली चार मागण्या, सर्वांत वर सचिवबाईंचा राजीनामा. छापण्याआधी काकांची संमती घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं माणूस खचलेला असेल, निदान चिडलेला. काकांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि मथळा खोडला.

"बिघडवला नाही. सुधारला. आणि हे बघ, 'बियर मिसळली' लिहिलंयस. बियर कुठे मिसळली? यीस्ट मिसळलं. चुकीचं छापू नकोस, लोक शिकतात यातून."

मग त्यांनी सचिवबाईंच्या नावावर बोट ठेवलं आणि तेही खोडलं.

"काका, तिने तुम्हाला काढलंय," मी म्हटलं.

"हो ना. पण घाबरली होती गं ती. यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे मठ्ठा आला होता. घाबरलेल्या माणसाचं बीपी मोजून त्याला कायमच्या गोळ्या देत नाहीत. आधी बसू देतात."

मला असल्या समजूतदारपणाची चीड येते. समजूतदार माणसांच्या जिवावरच सगळ्या कमिट्या चालतात. पण त्यांनी नाव घालू नकोस म्हणून हात जोडले, म्हणून इथेही फक्त 'सचिवबाई' लिहिलं आहे. ओळखणारे ओळखतील.

वर काकांनी मंडळाच्या ग्रुपवर माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, बरणीवर चिठ्ठी नव्हती, ही चूकच की. माफीला ढीगभर हात जोडलेले इमोजी आले. स्लॉट परत आला नाही. एका सदस्याने सुचवलं की काकांनी 'आंबवण्याचा वर्ग' घ्यावा, इडली आणि ढोकळा. काकांनी त्यावर विचार केला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी मी संघटनेची व्हॅन घेऊन बुधले हलवायला गेले. मला वाटलं होतं चार-दोन असतील. स्टोअरमध्ये गणपतीच्या मखरामागे फळीवर फळी भरलेली होती. काकांनी एकेक बुधला चादरीत गुंडाळला, मागच्या सीटवरच्यांना सीटबेल्ट लावले आणि स्वतः त्यांच्यामध्ये बसले. प्रत्येक स्पीड बंपला मागून आवाज यायचा, "सांभाळून गं, सांभाळून." एका सिग्नलला मला वाटलं ते माझ्याशी बोलताहेत. ते माझ्याशी बोलत नव्हते.

घरी काकूंनी दार उघडलं, व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं, आणि वरच्या खोलीचा दिवा लावायला गेल्या. मी त्या घरी अनेकदा गेले होते, पण स्वयंपाकघरापुढे कधी गेले नव्हते. पहिला बुधला छातीशी धरून मी जिना चढले आणि त्या खोलीत शिरले.

खोलीचे पडदे ओढलेले होते, कारण उजेडाने वाइनचा रंग उडतो. भिंतींना फळ्या होत्या. पलंग होता, पण पलंगावरही बुधले होते, खाली पाट घालून, भिंतीला उशा लावून. पिवळे, तांबडे, काही इतके स्वच्छ की पलीकडचा वॉलपेपर दिसत होता. आणि सगळीकडे शांतता. एकही बुडबुडा नाही.

"काका, हे तर श्वास घेत नाहीयेत," मी म्हटलं.

"त्यांचं झालं. तयार आहेत ते."

"मग प्यायल्या का नाहीत?"

काकांनी मला थट्टा करतेय का, अशा नजरेने पाहिलं. "माझ्या कुठे आहेत? ही अमोलची. ब्लॅकबेरी. त्याचा प्रोजेक्ट संपला, बंगलोरला गेला. ही श्वेता आणि तिच्या नवऱ्याची, आंब्याची. साखर जास्त घातली होती वेडीने, पण आता छान उतरली आहे. कार्डिफला असतात ते. हा रोहन, एल्डरची फुलं. व्हिसा वाढला नाही त्याचा. ही कोणाची रे... हां, ही त्या नागपूरच्या जोशांची, ज्यांना मुलगी झाली ना, ती." एकाही बुधल्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. ते फळीवरून फळीवर जात होते आणि कोण कुठल्या गावी गेलं, कोणाला कुठे नोकरी लागली, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालं, सगळं सांगत होते.

वाइनला वर्ष लागतं. आपल्या लोकांचा लीड्समधला मुक्काम कधी वर्षाचा असतो, कधी दोनचा, आणि संपतो तो नोटीस न देता. घर आवरताना टीव्ही विकला जातो, सायकल कोणाला दिली जाते, आणि अर्धवट झालेल्या वाइनचा बुधला काकांकडे ठेवला जातो. येऊ आम्ही, तेव्हा पिऊ.

"तुम्ही कळवलंत का त्यांना, तयार झाली म्हणून?"

"कळवलं ना. प्रत्येकाला कळवतो. म्हणतात, काका, तुम्हीच पिऊन टाका." त्यांनी खिशातून रुमाल काढून एका बुधल्याची मान पुसली. "असं कसं पिऊन टाकणार? त्यांनी केली आहे."

मी म्हटलं, निदान बाटल्यांत तरी भरून ठेवा, जागा होईल. तर म्हणाले की बाटल्या भरायला दोघं लागतात. एकाने वर नळी धरायची, गाळाला न लावता. दुसऱ्याने खाली बाटली. काकू दारातच उभ्या होत्या.

"मी कितीदा म्हटलं मी धरते," त्या मला म्हणाल्या. "नाही. ज्याची त्यानेच यायला हवं. पाहुण्यांची खोली होती गं ही. लेक राहायला आली की आम्ही तिला खाली सोफ्यावर झोपवतो." मग आवाज जरा खाली करून, पण काकांना ऐकू जाईल इतकाच, म्हणाल्या, "जाताना सगळेच म्हणतात, येऊ. हे एकटेच खरं मानतात."

काकांनी न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी कोनाड्यातून तांब्या आणि पूजेची पळी घेतली, आणि एकेका नळीत पाणी घालत निघाले. नळीतलं पाणी हळूहळू उडून जातं. ते आटलं की बाहेरची हवा आत शिरते आणि वर्षभराच्या वाइनचा शिरका होतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी हे करावं लागतं. सगळ्यांचं. बंगलोरच्या अमोलचंही.

त्या क्षणी मला कळलं की वर्ग बंद होण्याचं नेमकं काय मोल आहे, आणि माझ्या पत्रकातल्या चारही मागण्या चुकीच्या आहेत. गुरुवार हा काकांचा दरवाजा होता. जुनी माणसं त्यातून जात राहायची, पण नवी त्यातूनच यायची. आता दरवाजा बंद झाला आहे आणि खोली भरलेली आहे. एव्हाना आम्ही वर आणलेले हॉलमधले नवे बुधले तेवढे एका कोपऱ्यात बुडुक-बुडुक करत होते. त्यांचे मालक अजून लीड्समध्येच आहेत, पण गुरुवार गेल्यापासून त्यांतलं कोणी आलेलं नाही. हॉलमध्ये येणं सोपं होतं. कोणाच्या घरी जायला निमित्त लागतं.

जिना उतरताना काकांनी मला सहज विचारलं, "तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे गं?"

मी सांगितलं.

त्यांनी मनातल्या मनात काही हिशोब केला. "मग तू बियर कर," ते म्हणाले. "बियर लवकर होते."

म्हणून आता पत्रक नवीन आहे. सचिवबाईंनी राजीनामा देऊ नये. त्यांनी पुढच्या वर्षीही मठ्ठा करावा, आणि मुख्य म्हणजे गुरुवारच्या स्लॉटची किल्ली स्वतः देवस्थळ्यांच्या घरी नेऊन द्यावी, आत बसावं, चहा घ्यावा. कमिटीकडून एवढंच हवं आहे.

बाकीची मागणी तुमच्याकडे आहे. हो, तुमच्याकडेच. हा कागद बंगलोर, पुणे, नागपूर, कार्डिफ, जिथे जिथे आपली माणसं गेली तिथे जाईल याची व्यवस्था मी केली आहे. तुम्ही कधी लीड्समध्ये राहिला असाल, एखाद्या गुरुवारी बाटल्या धुतल्या असतील आणि जाताना 'येऊ काका' म्हणून गेला असाल, तर तुमची वाइन तयार आहे. तिच्या नळीत कालही कोणीतरी पाणी घातलं आहे. 'तुम्हीच पिऊन टाका' असा मेसेज पुन्हा पाठवू नका. ते पिणार नाहीत. फोन उचला, काकांना तारीख सांगा, आणि त्या तारखेला येऊन बाटली धरा.